चोपदाराच्या घराचं जोतं

वरिष्ठ सभागृह कायमचं बंद झालं, त्या आठवड्यात वर्तमानपत्राचा एक माणूस फिट्झ गॉलॉपला शोधत शहरातल्या त्याच्या भाड्याच्या खोलीवर आला. फिट्झ तेव्हा शहात्तर वर्षांचा होता. त्यातली चौतीस वर्षं त्याने त्या सभागृहाचा चोपदार म्हणून काढली होती, आणि तिथले सभासद इतक्या जवळून पाहिलेला दुसरा माणूस आता बेटावर उरला नव्हता. त्याने सगळं सांगितलं. कोट चढवताना कोण आधी डावा हात पुढे करायचा, कोणाला पाणी कोमट लागायचं, कोण प्रार्थना संपायच्या आत घोरू लागायचा. अर्धं पान भरून छापून आलं. "सभ्य माणसं होती. एवढ्या वर्षांत कुणी आवाज चढवलेला मला आठवत नाही," असं तो शेवटी म्हणाला, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. स्वतःच्या घराविषयी मात्र त्याने अवाक्षर काढलं नाही. ते आम्ही सांगतो, कारण लोअर ग्रोव्ह मळ्याच्या वस्तीवर ते प्रत्येकाला ठाऊक आहे.

आमच्याकडे घर माणसाचं असतं आणि जमीन मळ्याची. पणजोबा गुलामीतून सुटले तेव्हा त्यांना सुटका तेवढी मिळाली, जमीन नाही. उसाला नको असलेल्या खडकाळ पट्ट्यात, मळेवाल्याला भाडं देऊन, घर टेकवायचं. म्हणून घरं फळ्यांची, आणि तीही सुट्या चिऱ्यांवर नुसती ठेवलेली. मळेवाल्याने ऊठ म्हटलं की फळ्या सोडायच्या, छप्पर उतरवायचं, सगळं खेचराच्या गाडीवर चढवायचं आणि दुसऱ्या मळ्याच्या कडेला नेऊन पुन्हा ठोकायचं. नियम शेंबड्या पोरालाही पाठ आहे: जे सुटं ते तुझं, जे चुन्याने जमिनीला धरलं ते जमिनीच्या मालकाचं. शहाणा माणूस घराखाली चुना घालत नाही.

फिट्झ शहाणा होता. सभागृहात नोकरी करणाऱ्याला शहाणं व्हावंच लागतं.

वरिष्ठ सभागृहात नऊ सभासद. पाच मळेवाले, तीन व्यापारी आणि त्यांच्या भांडणांवर पोट भरणारा एक वकील. त्यांना कुणी निवडून दिलेलं नसे. गव्हर्नर नाव सुचवी, लंडनहून राजाची संमती येई, आणि मग तो माणूस बहुधा मरेपर्यंत त्या खुर्चीत बसे. बाप गेला की दोन-तीन वर्षांत मुलगा दिसू लागे. गादी तीच, बूड तेवढं नवं. कनिष्ठ सभागृहातले निवडून आलेले लोक भांडायचे, टेबलं बडवायचे, आणि त्या घुसळणीतून वर्षाकाठी दोन-चार चांगली बिलं निघायची. ती हिरव्या फितीत बांधून वरिष्ठ सभागृहात आणायचं काम फिट्झचं.

तिथे बिल मारायची एक रीत होती. नाही असं कुणी म्हणत नसे. एकजण उठून म्हणे, "हे बिल आजपासून सहा महिन्यांनी वाचावं असं मी सुचवतो." दुसरा अनुमोदन देई. सहा महिन्यांनी सभागृहाला सुट्टी असे. झालं, बिल मेलं, आणि कुणाच्या हाताला रक्त नाही. शाळेतल्या जेवणाचं बिल असंच गेलं, वस्त्यांवरच्या नळांचं गेलं, दायांच्या पगाराचं तर दोनदा गेलं. मेलेलं बिल त्याच फितीत बांधून परत खाली नेऊन देणंही फिट्झकडेच.

संध्याकाळी वस्तीच्या तोंडाशी असलेल्या रमच्या दुकानात तो शिरला की लेमुएल सीली ओरडायचा, "आला रे आला, मयत उचलणारा आला! आज कुणाला पोचवून आलास?" लेमुएल त्याचा शेजारी, जातिवंत गवंडी आणि जिभेला हाड नसलेला माणूस. डॉमिनोच्या टेबलावरचे सगळे हसायचे. फिट्झही हसायचा. एखाद्या बिलाबद्दल कुणी आशेने विचारलं तर तो नुसता टोपी काढून छातीशी धरायचा, अंत्ययात्रा चालली असल्यासारखी. तोवरच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याचा अंदाज एकदाही चुकला नव्हता, आणि त्याला त्याचा थोडा गर्वही होता. आशा न धरणं हीच त्याची हुशारी होती.

घरात मात्र त्याची हुशारी चालत नसे. त्याची बायको युडोरा शिवणकाम करायची. लग्नानंतर तिचं घर तीन वेळा हललं होतं. एकदा मळा विकला गेला म्हणून, एकदा तिथे ऊस लावायचा म्हणून, आणि तिसऱ्यांदा का ते कुणी सांगितलंच नाही. फळी एकदा उपटली की खिळ्यापाशी फाटते, तेवढं टोक कापून टाकावं लागतं. त्यामुळे दर वेळी घर दोन बोटं लहान होई. तिसऱ्या वेळेनंतर पलंग दोन्ही भिंतींना टेकला आणि युडोराला पायथ्याकडून चढून झोपावं लागू लागलं.

"अजून एकदा हललं ना मिस्टर गॉलॉप," ती म्हणायची, "तर तुला उभं राहून झोपावं लागेल." ती त्याला नेहमी फिट्झ म्हणे, मिस्टर गॉलॉप झाला की त्याने समजायचं, आज काही खरं नाही.

"मग मी काय करू? गव्हर्नरला सांगू?"

"मला एक जोतं दे. दगडाचं. मरायच्या आधी एकदा मला न हलणाऱ्या घरात चालून बघायचंय."

"डोकं फिरलंय तुझं. जोतं घातलं की घर त्यांचं."

"माहितीये मला. तरी मागतेय."

मग दंगलीचं वर्ष आलं. गोदीवर गोळीबार झाला, उसाचे फड जळले, माणसं मेली, आणि लंडनहून चौकशी समिती आली. समितीतल्या गोऱ्या बाईने वस्तीवर येऊन युडोराचा पलंगसुद्धा बघितला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. वर्षभरात कनिष्ठ सभागृहात कुळांचं बिल आलं. कुळाला उठवायचं तर सहा महिन्यांची नोटीस द्यायची. आणि कुळाने जमिनीवर जे पक्कं बांधलं असेल ते कुळाचंच, ते सोडायला लावलं तर मळ्याने भरपाई द्यायची. वस्तीवर लोक एकमेकांना थांबवून ते सांगू लागले. फिट्झने सवयीने टोपी छातीशी धरली.

पण एका मंगळवारी सभा उठल्यावर तो ऑनरेबल ऑब्री हॅडलींना कोट घालत होता. हॅडलीसाहेब एकोणीस वर्षं सभासद होते, आणि लोअर ग्रोव्ह मळा त्यांचाच होता. फिट्झचं घर त्यांच्याच जमिनीवर टेकलेलं. माणूस वाईट नव्हता. फिट्झला ते नावाने हाक मारायचे, नाताळला डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा पाठवायचे. फिट्झने सव्वीस वर्षांत कुठल्या सभासदाला प्रश्न विचारला नव्हता. त्या दिवशी काय झालं त्याला, कुणास ठाऊक.

"साहेब, एक विचारू?"

"हं."

"कुळांचं बिल वर आलं तर... होईल का पास?"

"होणारच." हॅडलीसाहेब आरशात कॉलर नीट करत होते. "लंडनचे लोक डोळ्यांत तेल घालून बसलेत. आता अडवून चालायचं नाही."

"म्हणजे माझ्या बायकोच्या मनात आहे, घराखाली एक जोतं..."

"मग घाल की! त्यात मला काय विचारायचं? तुझ्यासाठीच तर येतोय कायदा." त्यांनी दुसऱ्या बाहीत हात घातला, फिट्झच्या खांद्यावर थाप मारली आणि ते गेले.

फिट्झने रिकामा हँगर परत खुंटीला अडकवला. मालकाने स्वतःच्या तोंडाने घाल म्हटलं होतं. हे कागदावर लिहून मागावं असं त्याच्या मनातही आलं नाही, आणि आमच्यातल्या कुणाच्याच आलं नसतं. मोठ्या माणसाने शब्द दिल्यावर त्याच्याकडे कागद मागणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. आमच्या आयांनी आम्हाला असंच वाढवलंय. लाज वाटते हे लिहिताना, पण खरं आहे.

लेमुएलने ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नाही. "चोपदारा, बिल अजून खालीच आहे रे."

"हॅडलीसाहेब स्वतः म्हणाले."

"बोलाचीच कढी ती. पितोयस तू खुशाल."

"लेमुएल, सव्वीस वर्षं मी त्या लोकांना बघतोय. कोण कधी खोटं बोलतो ते मला कळतं. ते खोटं बोलत नव्हते."

आणि ते खोटं बोलत नव्हतेच. तेवढं फिट्झला बरोबर कळलं होतं.

दहा शनिवार काम चाललं. खाणीतून करवतीने कापलेले पांढरे चिरे आले. घराच्या चारी बाजूंनी कमरेएवढं जोतं चढलं, घराच्या तळाच्या तुळया त्यात लोखंडी बोल्टांनी जखडल्या, आणि मागे स्वयंपाकघर अख्खं दगडाचं उभं राहिलं. घर वाढल्यामुळे पलंग हलवता आला आणि भिंतीपासून सुटला. शेवटच्या दिवशी युडोरा चपला काढून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली, मग टाच आपटत चालली, मग एकदा चक्क उडी मारली. एकही फळी कुरकुरली नाही, फडताळातली एक बशी वाजली नाही. ती जमिनीवर बसली आणि पोटभर हसली. फिट्झने तिला इतकं हसताना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं, असं तो पुढे लेमुएलला म्हणाला.

कनिष्ठ सभागृहाने बिल ऑगस्टच्या अखेरीस पास केलं. ते वर यायच्या आत युरोपात लढाई पेटली. लंडनला आता स्वतःच्याच घराची पडली होती. आमच्या कुळांकडे बघायला तिथे कुणाला सवड नव्हती, आणि समितीचा अहवाल छापायचाच राहून गेला. फिट्झने हे सगळं वाचलं होतं. पण ज्याच्या घराखाली जोतं आहे त्याला वाचलेलं सगळं कळतंच असं नाही.

मंगळवारी दुपारी दोनला सभा भरली. फिट्झने हिरव्या फितीतलं बिल आणून टेबलावर ठेवलं आणि दाराशी आपल्या जागी जाऊन उभा राहिला. प्रार्थना झाली. तिघा व्यापाऱ्यांतला सर्वांत म्हातारा उठला, खोकला, म्हणाला की अशा कठीण काळात साम्राज्याच्या पाठीशी उभं राहायचं सोडून जमिनीचे तंटे उकरणं बरं नव्हे, आणि हे बिल आजपासून सहा महिन्यांनी वाचावं असं त्याने सुचवलं.

अनुमोदन यायला वेळ लागला. सगळे सर्वांत मोठ्या जमीनदाराकडे बघत होते. फिट्झही बघत होता. हॅडलीसाहेबांनी पेन्सिल खाली ठेवली, खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि बोट वर केलं. "अनुमोदन," ते म्हणाले, नेहमीच्याच शांत आवाजात. विरोधी मत कुणाचंच नव्हतं. पुढचा विषय बंदरावरच्या दिव्याच्या तेलाचा होता.

फिट्झने बिल उचललं, फीत बांधली आणि जिना उतरून खालच्या कारकुनाच्या हाती दिलं. फितीची गाठ नेहमीसारखीच बसली होती असं तो कारकून पुढे सांगायचा. सव्वीस वर्षांची सवय होती त्या हातांना.

सभा उठल्यावर त्याने कोट धरला. "साहेब, तुम्ही म्हणाला होतात."

"मी? काय म्हणालो होतो?"

"बिल होणार म्हणून. जोतं घाल म्हणून. असाच कोट घालताना."

हॅडलीसाहेबांनी खरोखर आठवून पाहिलं, कपाळाला आठ्या घालून. आठवलं नाही. "गॉलॉप," ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "कोट घालताना माणूस काहीही बोलतो. तेव्हा दिवस वेगळे होते. तू खरंच घातलंस जोतं? कुणी बांधलं?"

"लेमुएल सीलीने."

"हुशार गवंडी आहे तो. मळ्याचं काम मुकादम बघतो, त्याच्याशी बोल. मी त्यात पडत नाही."

मुकादम केलमनशी बोलायला जावं लागलंच नाही. नोव्हेंबरात तोच आला. घराभोवती चालत फिरला, जोत्यावर काठी आपटून पाहिली आणि खूश झाला. मळ्याचा नवा हिशेबनीस बायकोमुलांसह यायचा होता आणि त्याला साजेसं घर मळ्याकडे नव्हतं. आता होतं. महिनाअखेर घर खाली करायचं होतं.

"निदान फळ्या तरी नेऊ दे," फिट्झ म्हणाला. "फळ्या माझ्या बापाच्या आहेत."

"बोल्ट कुणी मारले?"

"मीच मारून घेतले."

"मग? चुन्याला धरलं ते मळ्याचं. हे मी तुला शिकवायचं? तू तर कायदे डोक्यावरून वाहणारा माणूस! पहार लावलीस तर ती चोरी, आणि चोराला सरकार नोकरीत ठेवत नाही एवढं लक्षात ठेव."

आता तुम्ही म्हणाल, भांडला का नाही? कुणाशी भांडायचं? कायदा करणाऱ्यांचे कोट तोच धरत होता. आणि नोकरी गेली असती तर आता राहायला घेतलेल्या शहरातल्या खोलीचं भाडंही देता आलं नसतं. आगीतून उठून फुफाट्यात पडायलाही ऐपत लागते.

जायचा दिवस मंगळवार होता. आमच्याकडे घर हलायचं असलं की कुणाला बोलवावं लागत नाही. पहाटे लोक आपापल्या पहारी, हातोड्या, दोर घेऊन येतात, दुपारपर्यंत घर सोडतात, आणि घरवाली सगळ्यांना जेवू घालते. फिट्झच्या दारात त्या सकाळी सोळा माणसं आली. सगळ्यांना ठाऊक होतं की सोडायला काहीच नाही. पण न येणंही बरं दिसेना, आणि हत्यारं घरी ठेवून यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मुकादमाचा राखणदार पायरीवर बसला होता. सोळाजण अंगणात पहारी धरून उभे राहिले आणि एकमेकांचे पाय बघू लागले.

पलंग निघाला, शिवणयंत्र निघालं, भांडी निघाली. अर्ध्या तासात काम संपलं. युडोराने तरीही रांधलं होतं: भेंडी घालून घोटलेलं मक्याचं पीठ, खारा मासा, उकडलेला नीरफणस. तिने एकेकाच्या हातात ताटली दिली. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून सगळे जोत्यावर ओळीने बसून जेवले. कुणी मीठ मागितलं नाही, कुणी वाढ म्हटलं नाही.

लेमुएलने ताटलीला हात लावला नाही. तो बोटाने चिऱ्यांमधली चुन्याने भरलेली दर्ज चाचपत होता. "गिऱ्हाइकांसाठी मी पातळ चुना घालतो," तो खाली मान घालून म्हणाला. "तसा घातला असता तर आज लाथेने सुटलं असतं सगळं. तुझं घर म्हणून चांगला घातला रे चोपदारा."

"माहितीये," फिट्झ म्हणाला. "असू दे."

बारा वाजत आले तसा तो उठला. दोनला सभा होती, आणि शहर चालत दीड तास. "तू गाडीबरोबर जा," तो युडोराला म्हणाला. "खोलीची किल्ली मालकिणीकडे आहे. मी सहापर्यंत येतो."

ती दगडी स्वयंपाकघर झाडत होती. हिशेबनिसाची बायको नवीन येणार, तिला घाण घर देऊ नये म्हणून. तिने झाडू भिंतीला टेकवून ठेवला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा उचलून काखेत घेतला. झाडू तिचा होता.

"तीन वेळा घर हललं, मिस्टर गॉलॉप," ती म्हणाली, "आणि तिन्ही वेळा मी रडले. कशाला रडले गं बाई मी तेव्हा? तेव्हा घर माझ्याबरोबर येत होतं."

फिट्झने टोपी घातली आणि तो शहराच्या रस्त्याला लागला. गाडीवानाने लगाम सैल सोडला. घर वाहायची सवय असलेलं खेचर ते. पाठीमागे ओझं जाणवेना तसं भरभर चालू लागलं, आणि काखेत झाडू घेतलेल्या युडोराला गाडी गाठायला पळावं लागलं.